राईडवाले काका

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास पुण्याच्या कुठल्याही उपनगरात जा. अजून न उघडलेल्या अमृततुल्यासमोर साठी उलटलेले एक गृहस्थ उभे दिसतील. अंगात पोपटी चमकतं जाकीट, गळ्यात शिट्टी आणि हातात कुणीही न मागितलेली हजेरीची वही. हेच राईडवाले काका. कोथरूडमध्ये एक आहेत, सहकारनगरात एक आहेत, पिंपळे सौदागरला दोन आहेत आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. चेहरे वेगळे, जाकीट एकच.

काका सायकलपटू नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावं. सायकलपटू ही पुण्यातली निराळी जमात आहे. ते पहाटे साडेचारला उठून बोपदेव घाट चढून येतात आणि आपण दात घासत असताना ‘आज फक्त साठच केले’ असं सांगतात. त्यांच्यातले पुढे गेलेले लोक बीआरएम करतात, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत संपवतात आणि मग त्याचं पदक स्वतःच्या पैशांनी मागवतात. काकांना यातलं काही जमत नाही. त्यांचा वेग ताशी अकरा, उतारावर बारा. डावा गुडघा कुरकुरतो. सायकल जुनी, पुढे परडी. परडीत पंप, पंक्चरचं सामान, पाच मीटरचा टेप आणि प्लास्टिकच्या पिशवीत निवेदनांच्या झेरॉक्स. सायकलपटूला रस्ता संपवायचा असतो. काकांना तो दुरुस्त करायचा असतो.

त्यांची सगळी नोकरी पिंपरी-चिंचवड भागातल्या कारखान्यात झाली, तीही मोटारींचे सुटे भाग बनवण्यात. काकू हे पाहुण्यांना आवर्जून सांगतात. निवृत्तीनंतर माणूस हास्यक्लबात तरी जातो किंवा सोसायटीच्या कमिटीत तरी. काकांचंही तसंच झालं असतं, पण एकदा नातीला शाळेत सोडायची वेळ आली. शाळा घरातून दिसते. मध्ये फक्त एक रस्ता आहे. तो ओलांडायला आजोबा-नातीला अकरा मिनिटं लागली, आणि पलीकडे पोचल्यावर नात म्हणाली, ‘आबा, आई मला व्हॅननं पाठवते ते बरोबर आहे.’ त्या वाक्यानं काका बिघडले आणि रस्त्यासाठी रविवारची सायकल राईड काढू लागले.

शनिवारी रात्री नऊला राईडच्या ग्रुपवर त्यांचा निरोप येतो : ‘उद्या येणाऱ्यांनी आपले नाव खाली जोडावे.’ यादी सुरू होते. मध्येच कुणीतरी जुनी यादी कॉपी करतं आणि सहा जण गळतात. ते सहा रागावतात. कधी निघायचं हे विचारणारे दोन असतात, नाश्ता कुठे हे विचारणारे अकरा. यादीत नावं तेवीस, अंगठे चाळीस, आणि सकाळी प्रत्यक्ष उगवतात नऊ. त्यातले तिघं सायकल गाडीच्या मागे अडकवून आणतात आणि गाडी फुटपाथवर लावतात. काका ती गाडी बघतात, फुटपाथ बघतात, आणि गिळतात. नऊचे सहा करणं परवडण्यासारखं नसतं.

राईडचा नियम एकच : सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे. बहुधा ती कुणाची तरी दहा वर्षांची मुलगी असते, नाहीतर चाळीस वर्षांनी सायकलवर बसलेल्या जोशीण बाई वगैरे. मागे दोन लाखांच्या कार्बन सायकलवरचा गडी ताशी नऊच्या वेगानं तोल सांभाळत घामाघूम होतो. घाट चढताना त्याचे असे हाल कधी झालेले नसतात. दोन रविवार तो येतो, तिसऱ्या रविवारी ‘घरी पाहुणे आहेत’. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. त्यांचं म्हणणं, जो रस्ता त्या मुलीला चालतो तो याला चालतोच, याला चालतो तो तिला चालेल असं नाही. मला स्वतःला हे काकांचं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. बाकीच्या वाक्यांबद्दल पुढे येईलच.

दुसरा हट्ट म्हणजे लाल दिव्याला थांबायचं. सगळ्यांनी. पहाटे रस्ता मोकळा असला तरी. एकदा तीसेक सायकली सिग्नलला गुमान थांबल्या, तर मागून आलेल्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, ‘काय झालं? ॲक्सिडेंट?’

सायकलींची झुंड करून रस्त्यावर हक्क सांगायची कल्पना जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत सप्टेंबर १९९२ मध्ये काही सायकलस्वार संध्याकाळी ठरवून एकत्र निघाले, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची ती ‘क्रिटिकल मास’ पुढे जगभरच्या शहरांत पसरली. तिकडे घोळका चौकात असताना सिग्नल पडला तर दोन-तीन जण आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकली लावून उभे राहतात, घोळका तुटू नये म्हणून. गटातल्या एका तरुणानं उत्साहानं ही युक्ती सुचवली. काका म्हणाले, ‘अरे, पुण्यात रस्ता अडवायला सायकली कशाला? तो अडलेलाच असतो. आपल्याला अडवलाय कुणी ते बघायचंय.’ आणि त्यांनी टेप काढला.

टेप हे काकांचं खरं वाहन. गतिरोधक दिसला की ते उतरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असावा असं म्हटलंय. म्हणजे चढ कळत नकळत, पण वेग उतरतो. काकांनी मोजलेला एक गतिरोधक दोन फूट रुंद आणि वीतभर उंच भरला. तो कुणी बांधला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका सकाळी तो होता. फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी जागा हवी, हेही काकांना पाठ आहे. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तो मिळवण्यात काकांची खरी कारागिरी आहे. भाजीवाल्या मावशींना ते टोक धरायला लावतात. मावशी आधी घाबरतात : ‘माझी गाडी उठवायला मोजताय व्हय?’ काका सांगतात, ‘तुमची नाही, तो जाहिरातीचा खांब. तो हलला तर तुमची गाडी आत सरकेल, माणसं पुढून जातील.’ पुढच्या वेळी काका दिसले की मावशीच हाक मारतात, ‘ओ टेपवाले, रात्री इथं अजून एक खांब रोवलाय बघा.’

अशी माणसं काकांनी वस्तीभर पेरून ठेवली आहेत. इस्त्रीवाला, शाळेचा शिपाई, रिक्षा स्टँडवरचे दोघं. त्यातला एकही सायकल चालवत नाही.

सुरुवातीला काकांनीही राईडचं रीतसर उद्घाटन केलं होतं, ते सांगायला हवं. प्रमुख पाहुणे झेंडा दाखवणार होते. वेळ साडेसहाची, पाहुणे पावणेआठला आले. बॅनरवर पाहुण्यांचा फोटो दारभर, शुभेच्छुकांचे सतरा छोटे फोटो, आणि ‘सुरक्षित रस्ते’ ही अक्षरं कोपऱ्यात, चष्मा पुसून वाचावी अशी. पाहुण्यांच्या चार काळ्या गाड्या ज्या जागेवर उभ्या राहिल्या ती जागा म्हणजे सायकलमार्ग होता. तो तिथे आहे हे त्या दिवशी पुष्कळांना प्रथमच कळलं, गाड्या बरोबर मावल्या म्हणून. भाषणात पाहुण्यांनी पर्यावरण, योग आणि शिवकालीन दळणवळण यांना स्पर्श केला. तेव्हापासून काका कुणालाही झेंडा दाखवू देत नाहीत. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि निवडणूक लांबत राहिल्यानं ज्या नगरसेवकांना निवेदनं द्यायची ते सगळेच ‘माजी’ झाले. काकांनी त्या काळातही निवेदनं दिली. माजींनाही दिली. म्हणे, माणूस माजी असताना जास्त लक्ष देऊन ऐकतो.

गट म्हटला की फूट आलीच. पुण्यात ती कशावरून पडणार, हे बाहेरगावच्या वाचकालाही ओळखता येईल. हेल्मेट. सायकलवर हेल्मेट घातल्याशिवाय राईडमध्ये घ्यायचं नाही, असा एका डॉक्टरांचा ठराव. ज्या शहरानं दुचाकीच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले, तिथे हा ठराव मांडायला छाती लागते. विरोधी पक्ष म्हणाला, रस्ता सुरक्षित करा, डोकी आपोआप सुरक्षित होतील. काका मध्ये सापडले. ते स्वतः हेल्मेट घालतात, पण चप्पल घालून कामावर निघालेल्या माणसाला ‘आधी हेल्मेट आण’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना. गट दुभंगला. आता दोन्ही गट एकाच वेळी, एकाच चौकातून, समांतर निघतात आणि एकाच दुकानात मिसळ खातात, वेगवेगळ्या टेबलांवर. रस्सा मात्र एकाच पातेल्यातला येतो.

मिसळ येईपर्यंतचा वेळ काकांच्या व्याख्यानाचा. माणसं भुकेली आणि बसलेली, असा श्रोता दुसरीकडे मिळत नाही. काका ॲमस्टरडॅमपासून सुरू करतात. ‘तुम्हाला वाटतं ते लोक जन्माला आले तेच सायकलवर. नाही! १९७१ साली नेदरलँड्स या एवढ्याशा देशात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली. त्यात चारशेच्या वर मुलं. मग आईबाप उठले, पोरं रस्त्यावर आडवी झोपली, चळवळीचं नावच त्यांनी ठेवलं – मुलांची हत्या थांबवा. त्यात तेलटंचाई आली. तेव्हा कुठे सरकार हललं.’ मग बोगोटा. तिथे १९७४ पासून रविवारचे मोठे रस्ते मोटारींना बंद आणि माणसांना खुले करायची प्रथा आहे, आता शंभर किलोमीटरच्या वर. गुरुग्रामनं २०१३ मध्ये तशीच राहगिरी सुरू केली. आपल्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ च्या डिसेंबरात पादचारी दिन झाला आणि लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून इमारतींचे सज्जे बघत होते, जन्मात पहिल्यांदा. इथे काकांचा आवाज खाली येतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. एवढ्यात मिसळ येते, आणि मग कुणीतरी जास्तीचा पाव मागवतं. काका थांबतात. हा आकडा ते दर वेळी मिसळीच्या आधी का सांगतात, हे मी विचारलं होतं. म्हणाले, ‘नंतर कुणी थांबत नाही.’

काकांच्या घोषणा मात्र वाईट आहेत. ‘सायकल चालवा, पर्यावरण वाचवा’ यात रस्ता कुठेच नाही. ‘पेडल मारा, शुगर हरवा’ ही तर औषधाच्या दुकानात लावायची पाटी. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र त्यांना तोड नाही. पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला, आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा. त्याचा नकाशा काकांनी प्लास्टिकमध्ये बसवून घेतलाय. त्याआधी २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसच्या राखीव मार्गिकांची बीआरटी आली, तिच्या कडेनं सायकलमार्ग आले. त्यांची छायाचित्रं आहेत. त्यानंतर भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, त्या काही लोकांनी घरी नेऊन स्वतःचं कुलूप लावलं. त्याचीही कात्रणं आहेत. ही फाईल पाहून निराश व्हायला पाहिजे. काका होत नाहीत. त्यांच्या मते जे कागदावर आहे ते मागता येतं. जे नाही, त्याच्यासाठी आधी कागद मागावा लागतो. नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात यायची, अशी सोय पुण्यात २००६ पासून आहे. त्याचे अर्ज काका मिसळीबरोबर वाटतात. निम्मे अर्ज तेलकट होतात.

आता ज्युनिअर इंजिनिअरची गोष्ट. क्षेत्रीय कार्यालयात एक तरुण जेई आला. काकांच्या निवेदनांवर त्याच्या टेबलाशी आवक शिक्के पडत होते, जावक काही नव्हतं. काकांनी निवेदन देणं थांबवलं आणि त्याला राईडचं आमंत्रण दिलं. ‘साहेब, फक्त तुमच्या हद्दीतला सायकलमार्ग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दहा मिनिटं.’ जेई इस्त्रीच्या शर्टात आला, काकूंची परडीवाली सायकल घेऊन निघाला. चाळीस फुटांवर विजेची डीपी. उतरला, वळसा घातला, चढला. मग लोखंडी खुंट्या, अशा अंतरावर की माणूस जाईल, हँडल जाणार नाही. उतरला. मग बसथांबा, मार्गाच्या बरोबर मधोमध. प्रतीक्षा करणाऱ्या आजींनी ‘इथून कुठे सायकल घालतोस?’ म्हणून झापलं. मग पाण्याचा टँकर. मग पाणीपुरीची गाडी. मग एक कडुनिंब, ज्याला कुणीच दोष देऊ शकत नाही. शेवटी मार्ग एका उघड्या चेंबरपाशी आला आणि तिथेच संपला. दहा मिनिटांचे पस्तीस झाले. जेईनं घाम पुसला आणि म्हणाला, ‘काका, हा माझ्या आधीच्या साहेबांच्या काळातला आहे.’ काका म्हणाले, ‘हो ना. पण खाली तुम्ही पडला असतात.’

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं १९८-अ हे कलम काकांच्या फाईलमध्ये होतं : रस्त्याच्या रचनेत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा, सल्लागार, ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड. काकांनी ते काढलं नाही. चहा मागवला. आठवड्याभरात दोन खुंट्या निघाल्या आणि चेंबरला झाकण आलं. डीपी तिथेच आहे, ती वेगळ्या खात्याची. जेई अधूनमधून राईडला येतो, पण नाव यादीत टाकत नाही.

दुकानदारांशी काकांचं युद्ध जुनं आहे. पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल, हे दुकानदारांचं ब्रीद. काका एका साड्यांच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून वही घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत आलेली बहुतेक गिऱ्हाईकं पायी, बसनं नाहीतर रिक्षानं आली होती, आणि दुकानापुढच्या नऊ दुचाकींपैकी सात दुकानातल्याच माणसांच्या निघाल्या. सकाळी लावायच्या, रात्री काढायच्या. मालकांनी वही नीट वाचली आणि विचारलं, ‘खुर्ची आमची होती का?’ पटलं की नाही कळलं नाही. दुचाकी मात्र मागच्या बोळात गेल्या.

आणि बुधवारची राईड. ही फोटोत नसते. काकांच्या उशिरा लक्षात आलं, की त्यांच्या वस्तीत रोज सायकल चालवणारी कितीतरी माणसं आहेत आणि त्यातला एकही रविवारी येत नाही. पेपर टाकणारी पोरं सहाला कामावर असतात. वॉचमन बारा तासांच्या ड्यूटीवर. बांधकामावरच्या गवंड्याला रविवारी सुट्टी मिळाली तर तो झोपतो. सायकल चालवून आरोग्य कमवावं, हे त्याला कुणी सांगितलं तर तो काय म्हणेल, ते छापता येणार नाही. मग काकांनी वॉचमनची ड्यूटी बदलायची वेळ धरली, रात्री आठ, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या वेगानं त्यांच्या खोल्यांपर्यंत जायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, काका सोसायटीच्या वतीनं पाळत ठेवतायत. दुसऱ्या बुधवारी एकानं विचारलं, ‘रॅली कशाची आहे?’ काकांनी नेदरलँड्सपासून सुरुवात केली. तो मध्येच म्हणाला, ‘काका, ते राहू द्या. नाल्यावरच्या पुलावर दिवा नाही. मागून डंपर येतो. एवढं बघा.’

काकांनी टेप काढला नाही, फाईल काढली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले आणि एका दिव्यासाठी सात चकरा मारल्या. काकू म्हणाल्या, ‘घरातला बाथरूमचा बल्ब गेलाय त्याला महिना झाला.’ दोन्ही दिवे लागले, आधी पुलावरचा.

माझं मत विचाराल तर काका कटकटे आहेत. तेच तेच सांगतात, शिट्टी उगाच वाजवतात आणि रस्त्यात थांबून परक्या माणसाच्या हातात टेपचं टोक देतात. पण आमच्या भागात गेल्या काही वर्षांत रस्त्यावर जे चार-दोन खिळे नीट ठोकले गेले, त्यातल्या प्रत्येकाच्या निवेदनाची झेरॉक्स काकांच्याच परडीत होती. तुमच्या भागातही असे एक काका असतील. बुधवारी राईड असते का, त्यांना विचारा. सायकलच्या मागे लाल दिवा हवा. बिनदिव्याच्या माणसाला काका परत पाठवतात. आणि विचारायला जाल तेव्हा हाताशी तासभर ठेवा, कारण उत्तर ते ॲमस्टरडॅमपासून देतील.